पीस आणि पोतं

न्हाणीघराच्या फडताळात सॅनिटरी पॅडचं पाकीट तसंच पडून होतं, आणि ते एस्तेलाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं.

नववीच्या वर्गात आम्ल आणि आम्लारी शिकवताना ते डोळ्यांपुढे यायचं. बसमध्ये यायचं. केळी तळताना यायचं. जूनमध्ये तिनेच ते आणून ठेवलं होतं, मुलीसाठी, नायिबेसाठी. सप्टेंबर सरला तरी त्याचं तोंड फाडलेलं नव्हतं. नायिबे चौदा वर्षांची होती. अशा वेळी कोणत्याही आईच्या मनात जे येतं तेच एस्तेलाच्या मनात आलं, आणि त्या शंकेला चेहराही लगेच मिळाला. हारिन्सनचा.

हारिन्सन नायिबेचा नाचातला जोडीदार. सतरा वर्षांचा, पिळदार दंडांचा, केसांना भरपूर जेल लावणारा. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि सगळा शनिवार तो पोरगा नायिबेला कमरेला धरून उचलायचा, मांडीला धरून गरगर फिरवायचा, डोक्यावर एका हातावर तोलायचा, आणि खुर्च्यांवर बसलेल्या बायका वाहवा करायच्या. रस्त्यात दुसऱ्या कुणी पोराने तिच्या खांद्यावर नुसता हात ठेवला असता तर नायिबेच्या आजीने त्याला चप्पल फेकून मारली असती. नाच म्हटला की सगळं माफ होतं.

एस्तेलाला एकटा हारिन्सन आवडत नव्हता असं नाही. तिला ते सगळंच आवडत नव्हतं.

नायिबेला नाचात घातली ती आजीने, म्हणजे एस्तेलाच्या आईने, सहाव्या वर्षी, एस्तेला शाळेत पेपर तपासत होती तेव्हा. काली शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत पोरीला दुधाचे दात पडायच्या आत नाचाच्या शाळेत घालतात. त्यात कुणाला विचारायचं नसतं. शाळा म्हणजे फानोरीच्या घरामागची पत्र्याची शेड. खाली घासून गुळगुळीत झालेली फरशी, एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या. आरसे मुलींसाठी, खुर्च्या आयांसाठी. फानोरीला सगळे प्रोफे, म्हणजे मास्तरीण, म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेही.

आणि पोरीच्या पायांत खरोखरच काहीतरी होतं, हे एस्तेलालाही कबूल करावं लागलं. इथला साल्सा नाच पायांचा. बाकीच्या जगात कंबर हलवतात, इथे पाय इतके भरभर पडतात की वाटावं खालची फरशी तापली आहे. सहा वर्षांची नायिबे भाताच्या कुकरच्या शिटीवर नाचायची, शेजारच्या सुताराच्या रंध्यावर नाचायची. तिच्या तोंडावर तेव्हा असा आनंद असायचा, की एस्तेलाच्या जिभेवर आलेलं वाक्य परत घशात जायचं.

पण तो आनंद शेडमध्ये शिरला की त्याला वास लागायचा. घामाचा, केसांवर मारायच्या लॅकरचा, पायांच्या पावडरीचा आणि कोपऱ्यावर करंज्यांसारखे एम्पानाडा तळतात त्या तेलाचा, सगळा मिळून एक. पहिल्या कार्यक्रमाला नायिबेला जो पोशाख मिळाला तो आधी चार मुलींनी घामाने भिजवलेला होता. कातडीच्या रंगाची जाळी, तिच्यावर चिकटवलेले खडे, काखेत पिवळे डाग. एस्तेला तो धुवायला निघाली तेव्हा खुर्च्यांवरच्या बायका एका सुरात ओरडल्या. बाईला मान द्यायचा तर तिथे नावाआधी दोन्या लावत.

"अहो दोन्या एस्तेला, धुताय काय! खडे गळतील!"

"मग हा स्वच्छ कसा करायचा?"

"दारू फवारायची आणि उन्हात टाकायचा. वास मरतो."

वास मरत नव्हता. बडीशेपेच्या दारूत चार पोरींचा जुना घाम, असा तो वास एस्तेलाच्या मुलीच्या अंगाला लागला. सात वर्षांच्या पोरीच्या पापण्यांवर गोंदाने खोट्या पापण्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी डोळे टोमॅटोसारखे सुजले. ओठ लाल, गालांवर चमकी, आणि खाली बेंबीपर्यंत उघडी पाठ. मॉलमध्ये कार्यक्रम झाला तेव्हा पुढच्या रांगेतला एक टकला माणूस फोन वर धरून चित्रीकरण करत होता, आणि एस्तेला त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाई, दिसत नाही हो," तो तक्रारीने म्हणाला. शेजारी आजी टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी एस्तेलाला पहिल्यांदा शिसारी आली. पुढे ती सवयीची झाली, एवढंच.

मुलीच्या पायांच्या नखांची जबाबदारी एस्तेलाकडे होती. अंगठ्यांची नखं काळी पडत, सुटत, खालून नवी मऊ नखं येत. नायिबे पलंगावर पोटावर पडून भूगोल वाचायची आणि आई कात्रीने मेलेलं कातडं कापायची. "दुखतं का?" "नाही." दुखत असणारच. पण दुखतं म्हणायचं नाही, हे त्या शेडमध्ये मुली पावलांच्या आधी शिकत. उलटी आली तर मोरीत करायची आणि परत ओळीत यायचं. रडायचं तर आरशाकडे पाठ करून. बारा वर्षांच्या मुली एकमेकींच्या पोटाला चिमटा काढून किती कातडी हातात येते ते बघत, आणि खोखो हसत.

दहाव्या वर्षी नायिबे पीस झाली.

ते असं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फानोरीकडे मुली तोलत. वजनकाटा नव्हता. काटा खोटं बोलतो, हात बोलत नाही, असं फानोरीचं म्हणणं. मुली रांगेत उभ्या राहत. जोडीदार मुलगा एकेकीला उचलून हात सरळ वर करायचा आणि तिथूनच जाहीर करायचा, "पीस!" किंवा "पोतं!" पोतं म्हटलं की खुर्च्यांत हशा पिकायचा, आणि ती मुलगी पुढचा महिनाभर मागच्या ओळीत नाचायची. पिसांमधली सगळ्यात हलकी ती उडायची. शेवटच्या नाचात दोन मुलं तिला भिरकावत, ती हवेत कोलांटी घेऊन तिसऱ्याच्या हातांत उतरायची. डिसेंबरच्या जत्रेच्या मिरवणुकीत, दोन्ही बाजूंना खचाखच भरलेल्या गॅलऱ्यांसमोर, खाली डांबरी रस्ता. डोक्यावर शहामृगाच्या जांभळ्या पिसांचा तुरा. तो तुरा फानोरीच्या काळापासून चालत आलेला होता. त्याच्या आतल्या पट्टीला कितीतरी पोरींच्या डोक्यांचा वास होता. नायिबेने चार वर्षं दर डिसेंबरात तो घातला. घरात तो टेबलावर ठेवला की एस्तेला जेवू शकत नसे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी एस्तेला मुद्दाम शेडमध्ये जाऊन बसली. तिला तोलणं बघायचं नव्हतं, हारिन्सनचे हात बघायचे होते.

तिच्या शेजारी आरासेली होती, सारायीची आई. सारायी दहा वर्षांची, बोरूसारखी बारीक, समोरचे दोन दात मोठे. आरासेलीच्या मांडीवर पोशाख होता आणि ती त्याच्यावर खडे टाचत होती. तिचं तोंड सुईपेक्षा जास्त चालायचं.

"आज मास्तरीणबाईंची स्वारी कशी काय? आमच्यासारख्या रिकामटेकड्यांत?"

"सहज."

"बसा, बसा. तमाशा बघा. आज ग्लोरीसचं काही खरं नाही. वाढदिवसाला दोन तुकडे केक खाल्लाय तिने, मी स्वतः बघितलाय."

ग्लोरीस नावाची गोल चेहऱ्याची मुलगी पुढे झाली. हारिन्सनने तिला उचललं, दात आवळून हात सरळ केला.

"पोतं!"

"आणि तेही बटाट्यांचं!" आरासेली ओरडली. खुर्च्या हसल्या. ग्लोरीससुद्धा हसली, तिच्या हनुवटीखाली काहीतरी थरथरत होतं. एस्तेलाला त्या सगळ्या बायकांची उघडी तोंडं दिसली, दाढांत अडकलेला चिकट पांदेबोनो पाव दिसला, आणि तिने नजर फरशीकडे वळवली.

मग सारायी. वाऱ्याने उचलावी तशी वर गेली. "पीस!" आरासेलीने छाती पुढे काढली. "रात्रीचं जेवण बंद केलंय आम्ही तिचं," ती एस्तेलाला म्हणाली, एखादी आई मुलाच्या गणिताच्या शिकवणीबद्दल सांगते तशी. "आता सवय झालीय. मागतच नाही."

शेवटी नायिबे. हारिन्सनने तिला उचललं आणि हात वर नेला, पण लगेच काही बोलला नाही. त्याने वर तिच्या तोंडाकडे बघितलं. एस्तेलाही बघत होती. तिला वाटलं होतं, त्या नजरेत तिला हवं ते सापडेल. नजरेत भीती होती.

"पीस," तो हळूच म्हणाला. आणि नेहमी टाकतो तसं खाली न टाकता तिला काचेचं भांडं ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं.

सुटल्यावर एस्तेला फाटकापाशी थांबली होती. हारिन्सन तिच्यामागून आला.

"दोन्या एस्तेला, एक सांगायचं होतं. पण मी सांगितलं असं नायिबेला कळू देऊ नका. मला सोलून काढेल."

आलं, एस्तेलाला वाटलं. आता हा सांगणार.

"काय केलंस तू?"

"मी? मी काही नाही." तो गोंधळला. "मागच्या आठवड्यात वरून येताना तिचे हात एकदम सैल पडले. डोळे मिटलेले. कमरेचा पट्टा हाताला लागला म्हणून धरली, नाहीतर डोकंच आपटलं असतं. विचारलं तर म्हणते, डुलकी लागली. हवेत कुणाला डुलकी लागते? आणि... तिच्या फासळ्या हाताला लागतात हो. पूर्वी लागत नव्हत्या."

"मग तू पीस का म्हणालास?"

"आहेच ना ती पीस," हारिन्सन म्हणाला. मग त्याने मान खाली घातली. "पोतं म्हटलं तर आणखीनच कमी खाईल."

जाताना एस्तेलाला स्वतःच्या शंकेची लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. घोडं कुठे पेंड खातंय ते आता दिसायला लागलं होतं.

घरी आजी स्वयंपाकघरात वैतागलेली होती. "प्लास्टिकचा रोल परत संपला! पालक सूपवर झाकायला घ्यावं तर नुसती नळी. या घरात कोण खातं प्लास्टिक?"

एस्तेला नळीकडे बघत राहिली. तीन महिन्यांत तो चौथा रोल होता. तिने आईलाच बोल लावले होते, सगळं झाकायची सवय म्हणून.

ती नायिबेच्या खोलीत गेली. नायिबे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पंख्याखाली बसली होती, त्या उकाड्यात. खोलीत कापराच्या मलमाचा वास कोंदला होता. ती म्हणायची, पाठ दुखते म्हणून लावते.

"शर्ट वर कर."

"का?"

"वर कर म्हटलं ना."

"आई, तू वेडी आहेस का?"

एस्तेलाने आयुष्यात मुलीच्या अंगाला हात घालून ओढाताण केली नव्हती. त्या दिवशी केली. शर्टाखाली छातीपासून जांघेपर्यंत स्वयंपाकघरातलं प्लास्टिक होतं, थरावर थर, कातडीला चिकटलेलं, आत मलम आणि घामाचं पिवळसर पाणी. एस्तेलाने टोक धरून सोडवायला सुरुवात केली. मांस बांधून आणलेलं पुडकं सोडवावं तसं. आतून जी बाहेर आली ती तिच्या मुलीची कातडी होती, पांढरी, सुरकुतलेली, पुरळाने भरलेली. आणि एक वास आला, कापूर आणि काहीतरी आंबलेलं. एस्तेलाने तोंडावर हात दाबला.

"घाम निघतो," नायिबे भिंतीकडे बघत म्हणाली. "हलकं वाटतं."

"शाळेत पण?"

"सगळ्या मुली करतात."

"आणि पाळी?"

नायिबेने वळून बघितलं. मग तिला उमगलं आणि ती हसली. रोडावलेल्या तोंडावर ते हसू मोठं दिसलं.

"म्हणजे तुला वाटलं, मी आणि हारिन्सन? ई! आई, त्याच्या काखेचा वास मला चार वर्षं पाठ आहे. त्याच्याशी कोण काय करणार?" मग हसू उतरलं. "थांबलीय. बरंच आहे ना. पांढऱ्या पोशाखाची भीती नाही."

सोमवारी एस्तेला तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, छातीवरची नळी बराच वेळ उचललीच नाही. "पोटात मूल नाही, बाई," त्या म्हणाल्या. "काहीच नाही. हिने शेवटचं धड जेवण कधी केलं?" नायिबेने छताकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी उड्या बंद केल्या, हृदयाची तपासणी लिहून दिली आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. वाटेत नायिबे एकच वाक्य बोलली. "डिसेंबर झाल्यावर खाईन."

तेव्हा एस्तेला फानोरीकडे गेली. संध्याकाळचा वर्ग अजून भरला नव्हता. फानोरी शेडच्या दारात चोंतादुरोची उकडलेली फळं मीठ लावून खात बसली होती, आणि शेजारी आरासेली, तीच सुई, तोच पोशाख.

"या, या. खा एक," फानोरीने बशी पुढे केली.

"प्रोफे, थोडं एकटीशी बोलायचं होतं."

"आरासेली काय परकी आहे? बोला."

"नायिबेची पाळी थांबलीय."

फानोरीने खाणं थांबवलं. मग तिचा सगळा चेहरा उजळला.

"हात्तिच्या! एवढंच? तुमचं तोंड बघून मला वाटलं कुणी गेलं." तिने मिठाची बोटं चाटली. "अहो, चांगली बातमी अशी रडक्या तोंडाने सांगतात का? माझ्या जिवापाड मेहनत करणाऱ्या पोरींची थांबतेच. पाळी येते, मग कंबर येते, मग छाती येते, मग सांगा, ते कुणी उचलायचं? देवाने तुमच्या पोरीला आणखी एक डिसेंबर दिला म्हणा."

"आमच्या सारायीची तर सुरूच झालेली नाही," आरासेली म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

एस्तेलाने घरून वाक्यं जुळवून आणली होती, कॉलेजात शिकलेली बाई जुळवते तशी. ती सगळी कुठे गेली कुणास ठाऊक.

"ती प्लास्टिक गुंडाळते, प्रोफे. अंगावर फोड आलेत. हवेत भोवळ आली होती तिला."

"प्लास्टिक!" फानोरी हसली. "प्लास्टिक काय आज आलंय?" आणि तिने बसल्या बसल्या आपला ब्लाउज वर केला.

तिच्या पोटावरही तेच होतं, कडेने सेलोटेप लावलेलं. आत सैल कातडी वळ्या होऊन चेपलेली, ओल्या कणकेसारखी. बरगड्यांखाली प्लास्टिकची कड रुतून रुतून एक तपकिरी घट्टा पडला होता, बैलाच्या मानेवर पडतो तसा. फानोरीने त्याच्यावर कौतुकाने थापटी मारली. आत घाम डुबुक वाजला.

"सोळाव्या वर्षापासून गुंडाळते. सगळ्या जणी हेच करत होतो. मला काय झालं?"

काय झालं ते ती उठली की दिसायचं. एक पाय ओढत चालायची, भिंत धरून. समोरचे दात मुळापाशी झिजलेले होते. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल ती म्हणायची, माझ्या एवढ्या मुली आहेत की. पण हे सगळं त्या वर्षानुवर्षांच्या प्लास्टिकशी जोडून तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं, आणि आता दाखवून तिने ते बघितलंही नसतं. एस्तेलाला क्षणभर तिची दया आली. मग तो वास नाकात शिरला, कापूर आणि आंबलेलं, स्वतःच्या मुलीच्या खोलीतला, आणि चोंतादुरोची बशी समोर, आणि ती दोन पावलं मागे सरली.

"मी तिला काढतेय," ती कशीबशी म्हणाली.

फानोरीने ब्लाउज खाली केला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काढा. पोरगी गुणाची होती, वाईट वाटतं. पण नाकापेक्षा मोती जड व्हायची वेळ आलीच होती म्हणा. सारायी तयार आहे."

"सारायी दहा वर्षांची आहे."

"नायिबे किती वर्षांची होती?"

तेवढ्यात आरासेली उठली, पोशाख मांडीवरून घसरला, सुई अजून ओठांत.

"खरंच, दोन्या एस्तेला? नक्की? मन नाही ना बदलणार?" तिने एस्तेलाला कवटाळलंच. लॅकर, घाम, तळणाचं तेल. तिचे गाल ओले होते. "देव तुमचं भलं करो! पोरीने तीन वर्षं नवस केलाय हो!"

एस्तेला घरी येऊन गळ्यापासून खाली साबणाने घासत राहिली.

नायिबेला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. कपाटावरून तुरा काढला, पिशवीत घातला, पिशवी दाराशी नेऊन ठेवली, आणि मग म्हणाली, "तू मला पोतं केलंस." आजी तिच्या बाजूने झाली. "एवढं शिकलीस आणि पोरीच्या डोक्यावरचा मान काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवलास! हात दाखवून अवलक्षण! बाप तिकडे दुसरा संसार मांडून बसला, आणि आई ही अशी!" एस्तेलाने दोघींसमोर सूप ठेवलं. आजीने प्यायलं. नायिबे चमच्याने ढवळत राहिली, त्यावर साय धरेपर्यंत. एस्तेलाने ते परत गरम करून आणलं. पुन्हा साय धरली, पुन्हा गरम केलं. शेवटी नायिबेने दोन चमचे प्यायले, शिक्षा भोगल्यासारखे, आणि मोरीकडे बघितलं. एस्तेला मोरीच्या दारात खुर्ची टाकून बसली.

असेच पुढचे दिवस गेले. घरात नुसती भांडी बोलत होती. नायिबे शाळेतून यायची, जे वाढलं त्यातलं थोडं पोटात घालायची, आईकडे न बघता. पण पाय काही बंद झाले नव्हते. टेबलाखाली ते चालायचे, भरभर, पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखे, आणि एस्तेलाला ते बघवायचं नाही आणि बघितल्यावाचून राहवायचंही नाही.

एका दुपारी चारचा वारा सुटला. डोंगरावरून येतो तो, अंगणातले कपडे एकदम फुगतात. एस्तेला कपडे काढत होती. नायिबे उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर उकडलेल्या मक्याचं कणीस, अर्धं खाल्लेलं.

"सारायीला कोपरं घट्ट ठेवता येत नाहीत," ती एकदम म्हणाली.

एस्तेलाने चिमटे काढायचं थांबवलं नाही. थांबली असती तर पोरीने तोंड मिटलं असतं.

"म्हणजे?"

"वर गेलं की कोपरं बरगड्यांना चिकटवायची. नाहीतर अंग उघडतं आणि कोलांटी अर्धीच होते. ती घाबरते, मग हात पसरते. हारिन्सनने तिला दोनदा केसांना धरून वाचवलंय... म्हणजे, मी फाटकातून बघते कधीकधी." ती गडबडली. मका हातात फिरवत राहिली. "डांबरावर केस हाताला नाही लागले तर?"

"फानोरीला सांगितलंस?"

"प्रोफे म्हणते, आणखी हलकी झाली की आपोआप जमेल." मग कणसाकडे बघत, "ती पण गुंडाळते आता. तिला येत नव्हतं, सुटून जायचं. मी शिकवलं. आधी मलम, मग पोटापासून सुरुवात करायची, श्वास सोडून. ती म्हणाली, श्वास कधी घ्यायचा? मी म्हटलं, सवय होते."

वाऱ्याने एक चादर दोरीवरून सुटून मातीत पडली. दोघींपैकी कुणी उचलली नाही.

एस्तेला मुलीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. नायिबेच्या मानेवरचं हाड शर्टातून वर आलेलं होतं. तिथे हात ठेवायची एस्तेलाची इच्छा झाली. तिने ठेवला नाही, कारण इतकी माणसं त्या पोरीला हात लावून तोलत आली होती. ती नुसती बसली. थोड्या वेळाने नायिबेच तिच्या दंडाला टेकली, आणि एस्तेलाला जाणवलं की पोरीला खरोखरच वजन नाही.

आयांच्या फोनवरच्या ग्रुपचा आवाज एस्तेलाने दोन वर्षांपूर्वी बंद करून टाकला होता. दिवसभर पोशाखांचे फोटो आणि प्रार्थना कोण बघणार. आता तिने फोन काढून तो उघडला. शेवटच्या फोटोत जांभळा तुरा होता, आणि त्याखाली सारायीचे दोन मोठे दात. डोक्याला तुरा मोठा होत होता. मागून कागद कोंबून बसवलेला दिसत होता. खाली आरासेलीने देवाचे आभार मानले होते.

"आरासेलीला फोन करतेयस?" नायिबेने विचारलं.

"हो."

"ती म्हणेल, आपली पडली म्हणून दुसरीवर जळते."

"म्हणू दे."

"शिव्या देईल. तिच्या तोंडाला कुणी लागत नाही."

"मला माहीत आहे." एस्तेलाला ती मिठी आठवली, तो ओला गाल. जगात ज्या बाईचा आवाज तिला कानाला लावायचा नव्हता ती हीच. हिला प्लास्टिकचं सांगायचं, दहा वर्षांच्या पोरीचं पोट उघडून बघ म्हणायचं. त्यावर पलीकडून काय येईल ते तिला पाठ होतं. पहिल्यांदा ऐकणार नाही. मग दुसऱ्यांदा करावा लागेल, आणि नंतर ग्लोरीसच्या आईला.

"कोपरांचं तूच सांगशील?" ती म्हणाली. "मला ते नीट सांगता येणार नाही."

नायिबेने कणसाचा एक दाणा तोडून तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग हात शर्टाला पुसून तिने फोनसाठी पुढे केला.

"आधी तू बोल," ती म्हणाली. "शिव्या संपल्या की मला दे."

एस्तेलाने आरासेलीचं नाव शोधून काढलं.